चिकणमातीला वाळू नको, खत हवं

घराभोवतीची जमीन काळी, चिकण निघाली की पहिला सल्ला मिळतो तो वाळू मिसळण्याचा. हा सल्ला देण्याआधी हिशेब मांडून पाहावा. दहा बाय दहा फुटांचा वाफा फूटभर खोल धरला, तर माती झाली 100 घनफूट, म्हणजे एक ब्रास. तिचा पोत खरोखर बदलायचा तर निदान अर्धा ब्रास वाळू लागेल, वजनाने दोन टनांहून जास्त. प्रत्यक्षात पडतात चार-पाच घमेली. तेवढ्याने वाळूचे दाणे चिकणमातीत रुतून बसतात आणि ढेकळं होती तशीच राहतात.

दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीतले चिकण कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक असतात. पाण्याने ते फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. म्हणून पावसात चिखल आणि वैशाखात भेगा. कणांचा आकार आपण बदलू शकत नाही, त्यांची रचना मात्र बदलू शकतो. शेणखत, गांडूळखत किंवा कुजलेला पाला घातला की जिवाणूंचे चिकट स्राव आणि बुरशीचे तंतू या कणांचे छोटे रवे बांधतात. रव्यांमधल्या पोकळीतून हवा खेळते, पाणी निचरतं, मुळं उतरतात.

‘काळी म्हणजे कसदार, तिला खत कशाला?’ हाही तितकाच पक्का समज. काळी माती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश चांगलं धरते हे खरं. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, नत्रही कमीच. रंगावरून कस ठरवू नये.

जिप्समचा उपयोग सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीत होतो. साध्या चिकणमातीत त्यावर पैसे घालवू नयेत. ताजं शेणही थेट मुळाशी नको. कुजताना ते तापतं, शिवाय त्यातून तणाचं बी आणि हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात. सुका पाला किंवा लाकडाचा भुसा मातीत गाडला, तर तो कुजवणारे जिवाणू आधी मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. तोच पाला वर आच्छादन म्हणून पसरला तर फायद्याचा.

पहिल्या वर्षी दोन-तीन इंच कुजलेलं खत वरच्या सहा-आठ इंच मातीत मिसळावं. पण वाफसा आल्यावरच! ओल्या चिकणमातीत कुदळ चालवली की बांधलेले रवे मोडतात. मूठभर माती दाबून बोटाने टोचावी. गोळा सुटून पडला तर खणायला हरकत नाही. एवढ्यावर काम संपत नाही, कारण आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जिरतो आणि दरवर्षी इंचभर तरी भर घालावीच लागते. त्यासाठी पानगळीत झाडून जाळला जाणारा पाला खड्ड्यात भरावा, वर शेणकाला शिंपडावा, ओल टिकवावी आणि मधूनमधून खालीवर करावा. फेब्रुवारीत भरलेल्या खड्ड्यातलं खत मृगाच्या सुमाराला वापरण्याजोगं होतं.