ओळखीची खूण

आईच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तिचा मोठा करून घेतलेला फोटो स्टुडिओतून घरी आला. सागवानी चौकट, काच, वर चंदनाचा हार. सगळे यथासांग होते. ऐंशी ओलांडलेल्या मावशीने चष्मा सारखा केला, बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, ''अरे, ही कोण?''

मावशीची स्मरणशक्ती माझ्याहून तल्लख आहे, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेता येईना. मी पुन्हा पाहिले. नाक, डोळे आईचेच. पण गाल लोण्याच्या गोळ्यासारखे गुळगुळीत. लहानपणी आईला देवी आल्या होत्या. आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. त्याच्या तीसेक वर्षे आधीची ही गोष्ट. ती वाचली, व्रण मात्र चेहराभर राहिले. फोटोत एकही नव्हता.

''तिच्या लग्नाच्या वेळीही हेच झालं होतं,'' मावशी म्हणाली. मुलाकडच्यांना पाठवायच्या फोटोवर स्टुडिओवाल्याने पेन्सिल फिरवली होती. निगेटिव्हमध्ये व्रणाची सावली फिकट दिसते. तिथे टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके भरले, की कागदावर ती जागा उजळते आणि खड्डा नाहीसा होतो. पुढे बघण्याच्या कार्यक्रमाला आईचा खरा चेहरा समोर आला आणि पाहुणे उठून उभे राहिले. ''फसवणूक'' हा शब्द तिने दाराआडून ऐकला. वडील ठाम राहिले म्हणून लग्न झाले. पण त्यानंतर आईने एकटीचा फोटो कधी हौसेने काढून घेतला नाही. तिला व्रणांची लाज वाटते, असे मी साठ वर्षे समजत होतो. लाज त्या फोटोची होती.

दुसऱ्या दिवशी सगळे आटोपल्यावर मी फोटो घेऊन स्टुडिओत गेलो. पंचविशीतला मुलगा, स्वभावाने गरीब. ''काका, सगळ्यांना असंच आवडतं हो,'' म्हणाला आणि संगणक उघडला. फोटोशॉपमध्ये त्वचा मऊ करण्याची तयार सोय आहे. 'ब्लर' आणि 'स्मूदनेस' अशा दोन पट्ट्या. माऊसने उजवीकडे सरकवायच्या. तशा त्या सरकवल्या, की शेजारशेजारच्या उजळ आणि काळपट ठिपक्यांमधला फरक पुसट होत जातो. व्रण म्हणजे तरी फोटोपुरता काय? थोडी सावली, तिच्या कडेला थोडा उजेड. कालची पुटकुळी आणि सत्तर वर्षांचा व्रण, दोन्ही त्या पट्टीखाली सारखेच.

मग त्याने मला दुसरी पद्धत दाखवली. चित्राचे दोन थर वेगळे करायचे. एकात रंग आणि छायाप्रकाश, दुसऱ्यात त्वचेचा पोत : रंध्रे, सुरकुत्या, बारीक लव. रंगातला डागाळपणा पहिल्या थरात सारखा करायचा आणि पोताला हात लावायचा नाही. तरीही काम जास्त झालेसे वाटले, तर दुरुस्तीच्या थराची अपारदर्शकता उतरवायची. त्याने ती शंभरावरून तिसावर आणली आणि आईचे व्रण एकेक करून वर आले. ओहोटीला खडक उघडे पडावेत तसे.

''काका, किती ठेवू?''

बँकेत माझी हयात सह्या आणि फोटो पडताळण्यात गेली. निवृत्तिवेतनाच्या कागदांत 'ओळखीची खूण' असा एक रकाना असतो. वडील गेल्यावर आईच्या कागदांत तिथे लिहिले होते : चेहऱ्यावर देवीचे व्रण. सरकारदरबारी ती तीच, याचा पुरावा म्हणजे ते व्रण. आणि मी, तिचा मुलगा, पैसे मोजून तो पुरावा खोडून आणला होता!

आम्ही मोठा केला होता तो पासबुकावरचा फोटो. त्याच्या कोपऱ्यात शिक्क्याचा जांभळा अर्धगोल होता आणि मधोमध घडीची रेघ. मी मुलाला म्हटले, ''शिक्का काढ, घडी काढ. फोटोला जे झालं ते सगळं काढ. तिला जे झालं ते राहू दे.''

त्याने त्वचेचे सगळे थर बंद केले. 'हीलिंग ब्रश' नावाच्या कुंचल्याने शेजारचा स्वच्छ भाग उचलून घडीवर बसवला. ती रेघ गालावरून जात होती. तिथे तो फार जपून, एकेक टिंब करीत गेला. अर्धा तास लागला. जादा पैसे घेतले नाहीत.

आईला कोणता फोटो आवडला असता, हे विचारायला आता ती नाही. हा खटला मी माझ्यापुरता निकालात काढला आहे, एवढेच.

नवा फोटो भिंतीवर लागला. मावशी समोर बसून होती. काही बोलेना. थोड्या वेळाने म्हणाली, ''हार जरा वर घे रे. गाल झाकला जातोय.''