साहित्य, कृती आणि टोकदार कंस

गेल्या रविवारी भाचीने लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला. आजीच्या पाककृतींचं एक वेबपान तिला बनवायचं होतं, आणि सुरुवात कोथिंबीर वडीने केली होती. नोटपॅडमध्ये सगळं नीट टंकलेलं: वर नाव, खाली एकेका ओळीत साहित्य, मग कृती. फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लावून तिने ती ब्राउझरमध्ये उघडली, तर बेसन, तीळ, वाफवणं, तळणं असा सगळा गुंता एकाच परिच्छेदात. ‘मामा, मी इतक्या वेळा एंटर दाबलं, ते गेलं कुठे?’

ब्राउझर एंटरला भीक घालत नाही. दहा एंटर दाबा नाहीतर पन्नास स्पेस द्या, त्याच्या लेखी ती एकच मोकळी जागा. शीर्षक कुठे संपलं आणि यादी कुठे सुरू झाली, हे त्याला खूण करून सांगावं लागतं. त्या खुणेला टॅग म्हणतात.

खिळे जुळवण्याच्या काळातल्या छापखान्यात हेच चालायचं. लेखकाच्या हस्तलिखितावर संपादक समासात खुणा करायचा, हे मथळ्याचं, हे ठळक, इथे नवा परिच्छेद, आणि कंपोझिटर त्याप्रमाणे खिळे लावायचा. खुणा छापल्या जात नसत, त्यांचा परिणाम छापला जाई. इंग्रजी छपाईत या खुणा करण्याला मार्कअप म्हणत. एचटीएमएलमधला ‘एम’ तिथून आला. संगणकावर ही रीत १९६९ पासून आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी रुजवली. त्यांच्या भाषेचं नाव जीएमएल, आणि गंमत म्हणजे ही तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही आहेत. पुढे जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी त्याच घराण्यातून वेबसाठी एचटीएमएल काढली. १९९१ मधल्या तिच्या पहिल्या वर्णनात जेमतेम अठरा एलिमेंट होते. आज शंभरावर आहेत, पण रोजचं काम वीस-पंचवीसांत भागतं.

आता वडीकडे. नाव असं लिहायचं: <एच१>कोथिंबीर वडी</एच१>. प्रत्यक्षात टॅगमधली अक्षरं अर्थातच रोमन टंकायची. टोकदार कंसातला पहिला तुकडा म्हणजे उघडणारा टॅग, तिरपी रेघ असलेला शेवटचा तुकडा म्हणजे मिटणारा टॅग. आणि उघडण्यापासून मिटण्यापर्यंतचा सगळा ऐवज, मधल्या नावासकट, म्हणजे एलिमेंट. बोलताना लोक टॅग आणि एलिमेंट सरसकट एकाच अर्थाने वापरतात, मीही वापरतो. काहींना मात्र मिटणारा टॅग नसतोच. चित्र दाखवणारा आयएमजी आणि ओळ तोडणारा बीआर यांच्या पोटात मजकूर राहत नाही, मग मिटायचं काय? कुठलं चित्र, कुठली लिंक असा जादा तपशील उघडणाऱ्या टॅगच्या कंसातच द्यायचा. त्याला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात.

एलिमेंटच्या पोटात एलिमेंट ठेवता येतो, पण उतरंडीच्या नियमाने: शेवटी ठेवलेलं मडकं आधी काढायचं. परिच्छेदात ठळक शब्द उघडला असेल, तर आधी ठळक मिटवा, मग परिच्छेद. चुकलात तरी ब्राउझर बोलणार नाही. तो फार भिडस्त गृहस्थ आहे, चूक दिसली तरी आपल्यापरीने सावरून घेतो. म्हणूनच नवशिक्याला कळत नाही कुठे बिघडलं ते. माझ्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांचा टॅग मिटायचा राहून गेला होता, आणि तळाच्या पत्त्यापर्यंत सगळं पान ओरडत होतं.

यादीपाशी भाची अडली. यूएल आणि ओएल, दोन का? मी म्हटलं, साहित्य कुठल्याही क्रमाने वाच, वडीला फरक पडत नाही. ती यूएल, बिनक्रमाची यादी. कृतीचा क्रम बदललास तर वडी आधी तळून मग वाफवावी लागेल. ती ओएल, क्रमाची यादी, आकडे ब्राउझरच घालतो. दोन्हींतली प्रत्येक नोंद एलआयमध्ये. यानंतर मला फार समजवावं लागलं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. ‘साहित्य’ हा शब्द मोठा दिसावा म्हणून तिने त्यालाही एच१ लावला होता. टॅग दिसण्यासाठी निवडायचा नसतो; ती वस्तू काय आहे, हे पाहून निवडायचा. रंगरूपाला सीएसएस नावाची वेगळी भाषा आहे. पाककृतीचं नाव एच१, त्याखालचे ‘साहित्य’ आणि ‘कृती’ हे पोटमथळे एच२. अंध व्यक्ती स्क्रीन रीडरच्या मदतीने पान ऐकते, तेव्हा एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारत जाते. मथळे खोटे असले की ती उडी भलतीकडे पडते. तेच चित्राचं: आयएमजीला ऑल्ट नावाचं अ‍ॅट्रिब्यूट लावून चित्रात काय आहे ते लिहिलं नाही, तर ऐकणाऱ्याला वडी कळणारच नाही.

मराठी पानाला दोन जादा गोष्टी लागतात. हेड या भागात मेटा टॅगने चारसेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ असल्याचं सांगा, नाहीतर काही वेळा ‘कोथिंबीर’च्या जागी परकी चिन्हं उमटतात. आणि सर्वांत बाहेरच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग या भाषेच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एमआर, म्हणजे मराठी, असं लिहा. ज्या फाँटमध्ये सोय आहे, तिथे त्या दोन अक्षरांमुळे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नव्हे. शिवाय स्क्रीन रीडरला कुठल्या भाषेचे उच्चार करायचे ते कळतं. मराठी संकेतस्थळं करणारेही हे गाळतात, याचा मला राग येतो.

संध्याकाळी पान तयार झालं. मग आम्ही सर्नने जपून ठेवलेलं जगातलं पहिलं वेबपान उघडलं आणि कंट्रोल दाबून यू दाबलं. कुठल्याही पानाची आतली बाजू अशी पाहता येते. आत तेच होतं: पानाच्या नावाचा टायटल, एच१, परिच्छेदाचा पी, लिंकचा ए. भाचीच्या वडीच्या पानातही हेच चार आहेत.