धंदा चाललाय, पण कुठे? दिशा ओळखायचे चार प्रश्न



कात्रपमध्ये राहणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. संध्याकाळी दादरला गाडी पकडायची तर आधी इंडिकेटर बघायचा. कसारा लागली असेल, तर ती कितीही फास्ट असो, खिडकीची सीट मिळो, आपल्याला तिचा उपयोग कल्याणपर्यंतच. कल्याणनंतर विठ्ठलवाडी आलं तर आपण घरी चाललोय. शहाड आलं तर नाही.

धंद्यात मात्र आपण इंडिकेटर बघत नाही, फक्त वेग बघतो. ऑर्डरी वाढल्या, फोन सारखा वाजतोय, म्हणजे बरं चाललंय! पण कसारा गाडीही धावतच असते की. म्हणून व्हिडिओत जे थोडक्यात सांगितलं, ते आज नीट मांडतो. दिशा ओळखायचे हे चार प्रश्न. वही-पेन घेऊन बसा.

१. तासाला किती उरतात?

समजा, तुम्ही मुंबईची नोकरी सोडून घरून डबे सुरू केलेत. रोज 20 डबे, 80 रुपयांचा एक. गल्ला 1600. किराणा, भाजी, गॅस मिळून 1000 गेले. पोचवणं आणि पिशव्यांचे 150. उरले 450. पहाटेच्या भाजी चिरण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत 9 तास. म्हणजे तासाला 50 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 11,700.

हा आकडा वाईट आहे का? एकट्या आकड्यावरून कळत नाही. तीन महिन्यांपूर्वी 35 होता आणि आज 50 आहे, तर दिशा बरोबर आहे. 70 वरून 50 वर आला असेल, तर डबे वाढूनही तुम्ही मागे चाललाय.

२. ओळखीबाहेरचं गिऱ्हाईक परत येतं का?

पहिल्या महिन्यात मावशी, शेजारच्या काकू, जुन्या ऑफिसातले मित्र सगळेच घेतात. ते तुमच्यावर प्रेम करतात, त्याला बाजार म्हणायचं नाही. ज्याला तुमचं नावही माहीत नव्हतं, तो दुसऱ्यांदा आला का, हे मोजा.

३. उसने पैसे कशात जातात?

शिलाई मशीनसाठी, मोठ्या फ्रीजसाठी घेतलेलं कर्ज काम वाढवू शकतं. पण जुना हप्ता भरायला नवं कर्ज, आणि घरखर्चाला भिशीचे पैसे, असं सुरू झालं असेल तर थांबा. तुम्ही शहाड ओलांडलंय.

४. ज्यासाठी निघालात, ते जवळ आलं का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो. नोकरी कशासाठी सोडली होती? जाता-येता तीन तास लोकलमध्ये जातात, पोरं झोपलेली असतानाच निघायचं आणि झोपल्यावरच यायचं, म्हणून ना? मग आज रात्री अकराला पोरगी काहीतरी सांगत असताना तुम्ही ऑर्डरीचे मेसेज बघत असाल, तर पैसे वाढूनही उत्तर "नाही" असू शकतं. लगेच धंदा बंद करू नका. आधी ऑर्डर घ्यायची शेवटची वेळ ठरवा.

आता तुम्ही म्हणाल, "सर, उत्तरं वाईट आली तर सोडून द्यायचं का?" इथे लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे बघा. ते चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं, की काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत. त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक ड्रॉइंग धरलं. पुढे ते शिकवलंही. नंतर बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती. पहिला नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली असं सांगतात. तरी तो त्यांनी सोडला नाही. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

एकच माणूस, एकदा सोडतो आणि एकदा टिकून राहतो. असं का? रंग न ओळखणारे डोळे मेहनतीने बदलणार नव्हते. लोकांची भीती मात्र नांगर चालवून दाखवला की जाऊ शकत होती. तुमच्या अडचणीला हीच कसोटी लावा. ही माझ्या कामाने बदलेल का? बदलणार असेल तर थांबा, सुधारा. नसेल तर कल्याणला उतरा आणि गाडी बदला. गाडी बदलली म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. ज्याला घरी पोचायचंय, तो बदलतोच.

एक सावधगिरी. टिकून राहायलाही पैसे लागतात. सहा महिन्यांची बचत घेऊन निघाला असाल, तर हे चार प्रश्न तिसऱ्या महिन्यात सोडवा. पाचव्या महिन्यात गाडी बदलायला तिकिटाचे पैसे उरत नाहीत.

आजचा गृहपाठ: वहीत चारही उत्तरं आजच्या तारखेने लिहा. त्याखाली पुढच्या तीन महिन्यांचं तुमचं "विठ्ठलवाडी" लिहा. एकच, आणि मोजता येईल असं. उदाहरणार्थ, तासाला 65 रुपये, किंवा दहा अनोळखी गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा. घरातल्या एका माणसाला ते पान दाखवा, म्हणजे तीन महिन्यांनी स्वतःला फसवता येणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशोब लिहीत राहा.