डासांच्या वंशावर जीवाणूंचा अंमल

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हा कावेरीच्या कालव्यांवर पोसलेला भातशेतीचा प्रदेश आहे. अशा प्रदेशात भाताची खाचरे, सांडपाण्याची गटारे आणि घरोघरी साठवलेले पाणी हे सारे जवळजवळ असते, आणि त्यामुळे निरनिराळ्या जातींचे डास एकाच गावात नांदतात. खाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स जातींपैकी काही जपानी मेंदूज्वराचा प्रसार करतात, गटारांतील क्युलेक्स क्विन्कीफॅसिएटस हत्तीरोगाचे कृमी पसरवतो, तर साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढणारा एडिस इजिप्टी डेंग्यूचा वाहक ठरतो. या डासांपैकी कोणाच्या शरीरात कोणता सहजीवी जीवाणू आहे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला, तरी डासनियंत्रणाच्या एका संपूर्ण पद्धतीचे यशापयश त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या जीवाणूंतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वोलबाकिया होय. मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोलबाक या अमेरिकी संशोधकांना तो 1924 मध्ये क्युलेक्स डासाच्या प्रजननग्रंथींत आढळला. तो पेशींच्या आतच जगतो आणि मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. शुक्राणूंतून मात्र त्याला वाट नसते, म्हणून नराचे शरीर हे त्याच्या प्रवासाचे शेवटचे ठिकाण ठरते. साहजिकच ज्या योगे जीवाणूधारक माद्यांची संतती वाढेल, तेच त्याच्या हिताचे असते आणि त्यासाठी तो नराच्या शुक्राणूंत फेरफार घडवून आणतो.

या फेरफाराला पेशीद्रवीय विसंगती म्हणतात. वोलबाकियाधारक नराचा संयोग जीवाणूरहित मादीशी झाला, तर फलनानंतरच्या पहिल्याच पेशीविभाजनात पित्याकडून आलेली गुणसूत्रे नीट विभागली जात नाहीत आणि भ्रूण नष्ट होतो. क्युलेक्सची मादी एकमेकांना चिकटलेल्या शेकडो अंड्यांचा पुंजका पाण्यावर तरंगत सोडते. अशा विसंगत संयोगात तो पुंजका दिसायला निकोप असतो, पण त्यातून अळ्या जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. मादीच्या अंड्यांत त्याच प्रकारचा वोलबाकिया असल्यास मात्र हा दोष निवारला जातो. जीवाणूधारक मादीला दोन्ही प्रकारच्या नरांपासून संतती होते आणि जीवाणूरहित मादीला एकाच प्रकारच्या नरापासून होते, त्यामुळे काही पिढ्यांत जीवाणू संपूर्ण समूहात पसरू शकतो. नर आणि मादी या दोघांत परस्परांशी न जुळणारे वेगवेगळे प्रकार असले, तरीही अंडी वाया जातात.

हाच गुण डासांविरुद्ध वापरता येतो, हे लाव्हेन या संशोधकाने 1967 मध्ये ब्रह्मदेशातील रंगूनजवळच्या ओक्पो गावात विसंगत नर सोडून दाखवून दिले. त्यानंतर भारतात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीत चाललेल्या डासांच्या जननिक नियंत्रणाच्या प्रकल्पातही क्युलेक्सवर या तत्त्वाचे प्रयोग झाले, पण परदेशी हेतूंविषयीच्या संशयातून उठलेल्या वादामुळे तो 1975 मध्ये बंद पडला. डेंग्यूच्या बाबतीत मार्ग वेगळा आहे. एडिस इजिप्टीत वोलबाकिया सहसा आढळत नाही. फळमाशीतील त्याचा एक प्रकार या डासात घातला असता विषाणूंची वाढ त्याच्या शरीरात मंदावते. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी कमी असल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पुदुच्चेरी येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रोगवाहक संशोधन केंद्रानेही असे भारतीय वाण विकसित केल्याचे 2022 मध्ये जाहीर केले.

ओरत्तनाडुसारख्या तालुक्यातील स्थानिक डासांची पाहणी येथेच महत्त्वाची ठरते. बाहेरून आणलेला जीवाणू रिकाम्या जागी पाय रोवतो की आधीच वस्ती केलेल्या दुसऱ्या प्रकाराशी त्याची गाठ पडते, हे स्थानिक डास तपासल्याखेरीज सांगता येत नाही. क्युलेक्स क्विन्कीफॅसिएटस सहसा स्वतःचा वोलबाकिया बाळगून असतो, म्हणून त्याच्यावर भिन्न प्रकाराचाच उपयोग होऊ शकतो. कोइंबतूर येथील संशोधकांनी 2019 मध्ये नैसर्गिक एडिस इजिप्टीतही वोलबाकिया आढळल्याचे मांडले, तेव्हा त्यावर मतभेद झाले, कारण पीसीआर चाचणीत जीवाणूचे जनुक सापडणे म्हणजे जिवंत जीवाणू वारशाने उतरत असल्याचे सिद्ध होणे नव्हे. अळीने पाण्यात खाल्लेल्या अन्य जीवांतूनही ते जनुक येऊ शकते. म्हणून माद्यांची संतती वाढवून जीवाणू पुढच्या पिढीत उतरतो का आणि संयोगांत अंडी उबतात का, हे पाहणे अपरिहार्य ठरते. एका गावातील निष्कर्ष दुसऱ्या गावाला लागू होईलच असे नसल्याने ही तपासणी तालुक्या-तालुक्यांत करावी लागते, आणि ती होईपर्यंत गटारे वाहती ठेवणे व पाण्याचे साठे झाकणे यांना पर्याय नाही.