बटाट्याचा मऊ पाव

पाव शिळा झाला म्हणजे तो वाळला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे आणि वरवर पाहतां ती खरीही भासते. परंतु बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५२ सालीं ती अपुरी असल्याचें दाखवून दिलें. ओलावा बाहेर जाऊं न देतां ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तोच पुन्हा तापविला असतां मऊ होतो, असें त्याला आढळलें. याचें कारण असें कीं, भाजतांना मैद्यांतील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात. पाव निवल्यावर त्या पिष्टाचे रेणु हळूहळू पुन्हा एकमेकांशीं जुळूं लागतात आणि पावाचा गर निबर होत जातो. थंडाव्यांत ही क्रिया अधिक वेगानें होते. म्हणून मऊ राहावा या हेतूनें शीतकपाटांत ठेवलेला पाव उलट लवकरच शिळा होतो. घरीं हौसेनें केलेला पाव सायंकाळीं कापसासारखा असतो आणि दुसऱ्या दिवशीं न्याहारीला कोणी त्यास हात लावीत नाहीं, हा अनुभव ज्या घरांत आला असेल तेथें एक जुना व स्वस्त उपाय करून पाहण्याजोगा आहे: पीठ मळतांना त्यांत उकडलेला बटाटा घालणें.

उपाय जुना खरा; पण त्याची कीर्ति फारशी चांगली नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतांतून युरोपांत आलेला बटाटा पावांत शिरला तो चवीसाठीं नव्हे, तर धान्याच्या टंचाईमुळें. पार्मांत्ये हा फ्रेंच औषधिशास्त्रज्ञ सप्तवार्षिक युद्धांत प्रशियाच्या कैदेंत असतांना बटाट्यांवर राहिला होता. धान्याचें पीठ मुळींच न मिसळतां नुसत्या बटाट्यांचा पाव कसा करावा, यावर त्यानें १७७९ सालीं एक ग्रंथच प्रसिद्ध केला. १७९५ च्या महागाईंत इंग्लंडमध्येंही गव्हांत बटाटा मिसळून पावाचे प्रयोग झाले. पुढें पहिल्या महायुद्धांत, १९१४ सालापासून, जर्मनींत बटाटा मिसळलेला 'के' अक्षराचा पाव सरकारी हुकुमानें खावा लागला, आणि त्या पावाचें नांव टंचाईशीं कायमचें जोडलें गेलें. अशा स्थितींत बटाट्याचा पाव म्हणजे गरिबीचा पाव, असें लोकांनीं मानलें तर त्यांत नवल नाहीं.

परंतु त्याच जर्मन भाषेच्या लोकांची एक शाखा सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया प्रांतांत जाऊन वसली होती. त्यांस तेथें 'डच' म्हणतात, पण हॉलंडशीं त्यांचा संबंध नाहीं. 'डॉइच' या शब्दाशीं त्या नांवाचें नातें आहे. त्यांच्या घरीं बटाट्याचे गोल, गुबगुबीत पाव ही अभिमानाची वस्तु ठरली. पदार्थ तोच, मग फरक कोठें पडला? टंचाईच्या पावांत बटाटा पिठाच्या जागीं बसविला होता. येथें तो पिठाच्या सोबतीस, बेतानें घातलेला असे.

त्या बेताला शास्त्राचा आधार आहे. बटाट्यांत वजनाच्या सुमारें चार-पंचमांश पाणीच असतें. त्याच्या पिष्टाचे कण गव्हाच्या कणांहून मोठे असून पाणीही अधिक पितात. आणि उकडलेल्या बटाट्यांत तर ते आधींच फुगून पाणी धरून बसलेले असतात. त्यामुळें पिठाचा गोळा पातळ न होतां त्यांत जास्तीचा ओलावा सामावतो व भाजल्यावरही बराचसा टिकतो. मात्र बटाट्यांत ग्लूटेन नाहीं. गव्हाच्या पिठास ताण येतो आणि वायु कोंडला जातो तो ग्लूटेनमुळें. म्हणून बटाटा वाजवीपेक्षां अधिक झाला कीं पाव फुगत नाहीं, आंतून चिकट व गच्च राहतो.

अर्धा किलो मैद्यास दोनशे ग्रॅम उकडलेला बटाटा हें प्रमाण उत्तम. बटाटे जुने, पिठूळ असावेत. सालीसह उकडून, सोलून गरम असतांनाच चाळणीवर घासून घ्यावेत. मिक्सरमध्यें मात्र कदापि फिरवूं नयेत. पात्यांनीं कण फुटून त्याची खळ होते. मग ते पूर्ण निवूं द्यावेत, कारण कढत बटाट्यांत यीस्ट मरतें. त्यांत मैदा, सात ग्रॅम झटपट यीस्ट, पन्नास ग्रॅम साखर, नऊ ग्रॅम मीठ आणि बटाटे उकडलेलें कोमट पाणी सुमारें १७० मिलिलिटर घालून मळावें. पाणी एकदम ओतूं नये. बटाट्याबटाट्यांत ओलाव्याचा फरक असतो. हें पाणी फेंकून देणें हा उधळेपणा होय, कारण बटाट्यांतील साखर व क्षार त्यांत उतरलेले असतात आणि यीस्ट त्यांवर पोसतें. पुडीबंद यीस्ट मिळत नव्हतें तेव्हां अमेरिकेंतील गृहिणी उकडलेल्या बटाट्यांवरच आपलें विरजण जोपासीत.

शेवटीं साठ ग्रॅम लोणी घालून दहा-बारा मिनिटें चांगलें तिंबावें. गोळा हातास किंचित् चिकटेल. तेवढ्यासाठीं आणखी मैदा घालण्याचा मोह आवरला पाहिजे, नाहीं तर सारा खटाटोप व्यर्थ. झांकून ठेवल्यावर तास-दीड तासांत तो दुप्पट होतो. मुंबईच्या उन्हाळ्यांत याहून लवकर. मग सोळा गोळे करून तूप लावलेल्या ताटलींत थोड्या अंतरानें लावावे, पाऊण तास पुन्हा फुगूं द्यावे आणि १९० अंश सेल्सिअसवर सुमारें वीस मिनिटें भाजावे. फुगतांना ते एकमेकांस टेकतात. टेकलेल्या बाजूंवर कवच येत नाहीं, म्हणून लादीपावाप्रमाणें त्या मऊच राहतात.

'पाव' आणि 'बटाटा' हे दोन्ही शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आले. मुंबईनें वड्याच्या रूपानें बटाटा पावाच्या पोटांत ठेवला, पण पिठांत घालण्याचें इकडे फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

भट्टींतून निघतांच वरून लोणी लावून पाव स्वच्छ फडक्याखालीं निवूं द्यावेत व मग बंद डब्यांत ठेवावेत. ते तिसऱ्या दिवशींही मऊ लागतात. मात्र जो ओलावा त्यांस मऊ ठेवतो तोच बुरशीलाही मानवतो, म्हणून पावसाळ्यांत दोन दिवसांत संपतील एवढेच करावेत.