खेळाच्या गाडीचा मागील सांगाडा

गेल्या श्रावणांत आमच्या पुतण्यानें एक जुनी चारचाकी गाडी विकत आणिली. ही गाडी शेतीची नव्हे, खेळाची. रुंद व मऊ अशीं चार चाकें, मोटारसायकलीसारखें हँडल, खोगिरासारखी बैठक, आणि वाळूंत वा चिखलांत सुसाट धांवेल असें इंजिन. तिला ए.टी.व्ही. म्हणतात. द्राक्षाच्या ओळींत ट्रॅक्टर वळविणें अडचणीचें जातें, तेथें ही सहज वळेल, मागें शंभर लिटरची टाकी बसविली म्हणजे फवारणीचा एक गडी वांचेल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब कागदावर बरोबर होता. आम्ही तीस वर्षें महसुलाच्या कचेरींत कागदच पाहिले, त्यामुळें कागदावर फार बरोबर दिसणाऱ्या हिशेबाची आम्हांस थोडी भीति वाटते. गाडीची किंमत येथें देत नाहीं, कारण आमच्या वहिनी हा अंक वाचतात.

या गाड्यांचें कूळ फार जुनें नाहीं. जपानच्या होंडा कंपनीनें १९७० सालीं फुग्यासारख्या टायरांची तीन चाकी गाडी विक्रीस काढिली. ती वळणावर उलटे. अपघात इतके वाढले कीं, १९८८ सालीं अमेरिकेंत सरकार व कारखानदार यांच्यांत करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. तत्पूर्वींच सुझुकीनें चारचाकी आणिली होती, आणि १९८५ सालीं त्याच कंपनीनें केवळ शर्यतीच्या बेतानें बनविलेली गाडी बाजारांत आणिली. शेताची गाडी आणि खेळाची गाडी अशा दोन जाती तेव्हांपासून स्पष्ट झाल्या. पहिलीस पुढें-मागें ओझ्यासाठीं जाळ्या असतात. दुसरीस त्या नसतात, आणि त्या नसण्यास कारण असतें, हें आमच्या घरांत कोणीं ध्यानांत घेतलें नाहीं.

खेळाच्या गाडीचा मुख्य सांगाडा इंजिनाभोंवतीं असतो व चाकांचे दांडे त्यासच जोडलेले असतात. बैठकीखालून मागें जो बारीक नळ्यांचा भाग निघतो त्यास सबफ्रेम, म्हणजे उपसांगाडा, म्हणतात. बैठक, चिखलरोधक पत्रे व बॅटरी यांपुरतेंच त्याचें काम. तो पडवीसारखा असतो. पडवीवर कोणी धान्याचें कोठार बांधीत नाहीं. आम्हीं मात्र तेंच केलें. बाहेरगांवच्या एका वेल्डरनें मूळच्या पातळ नळ्यांवर जाड अँगल चिकटविले, वर टाकी बसविली, आणि दसऱ्यास गाडीला हार घातला.

फळछाटणीनंतरच्या चवथ्या फवारणीस, टाकी अर्धी असतांना, बांध चढतेवेळीं सांगाडा मोडला. टाकी मागें लोंबकळली, पुढचीं चाकें उचललीं गेलीं आणि पुतण्या दोन ओळींच्या मधें पडला. माती ओली होती म्हणून मनगटावर निभावलें. हातभर पलीकडे मांडवाचा लोखंडी खांब होता. त्या रात्रीं घरांत कोणी जेवलें नाहीं.

मोडलेला भाग आम्हीं धुवून पाहिला. तडा जोडावर नव्हता, जोडाच्या शेजारीं होता. कारण पुढें कळलें. वितळून जोडतांना शेजारचें लोखंड तापतें व त्याचा गुण बदलतो, शिवाय जाड अँगल वांकत नाहीं म्हणून सगळा हेलकावा त्या पातळ नळीच्या एकाच रेषेवर येतो. तार वांकवून-वांकवून तोडतों, तोच प्रकार. अर्धी टाकी तर भरल्या टाकीपेक्षां वाईट, कारण आंतलें पाणी प्रत्येक खड्ड्यास मागें-पुढें आपटतें.

एकलहरे येथें १९७० सालीं औष्णिक विद्युत केंद्र सुरू झालें. अशा ठिकाणीं नळी जोडणारा हात शोधावा लागत नाहीं. आम्ही ज्या मिस्त्रींकडे गेलों त्यांनीं पहिला प्रश्न लोखंडाचा केला नाहीं. "पुस्तकांत ओझें किती लिहिलें आहे?" असें त्यांनीं विचारलें. पुस्तक काढिलें. चालकासुद्धां एकूण शंभर किलो. पुतण्या बासष्ट किलोचा, म्हणजे उरले अडतीस. आम्हीं त्यावर टाकीसह शंभराहून अधिक लादले होते.

मग त्यांनीं खडूनें जमिनीवर तराजू काढून दाखविला. पुढच्या व मागच्या चाकांत सव्वाशें सेंटिमीटर अंतर आहे. मागच्या आंसाच्या पलीकडे चाळीस सेंटिमीटरांवर शंभर किलो ठेविले, तर पुढच्या चाकांवरचा भार बत्तीस किलोंनीं कमी होतो. चढावर तो आणखी घटतो. सांगाडा कितीहि बळकट केला तरी हा आंकडा बदलत नाहीं. चाकांचे दांडे, दट्टे, ब्रेक हे सारे शंभर किलोंसाठींच बनविलेले. हें ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला, आणि खरें सांगावयाचें तर आमचाहि.

तरीहि मोडलेला सांगाडा नवा करणें प्राप्त होतें. मिस्त्रींनीं बाहेरून २५ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची काळी नळी घेतली. मीटरला तिचें वजन एक किलो शंभर ग्रॅमच्या आसपास भरतें. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतली तर ती साडेतेरा मिलिमीटरांची होते आणि नळीच्या मानानें पांच पटींहून अधिक वांकते. जोंधळ्याचें ताट, बांबू हे पोकळ कां, याचें उत्तर यांतच आहे. जस्त चढविलेली पाण्याची नळी आमच्या घरीं पडून होती ती त्यांनीं परत पाठविली. जस्ताचा धूर छातींत गेला कीं थंडी वाजून ताप येतो, असें ते म्हणाले.

आपल्याकडे इंदूरजवळ पिथमपूर येथें २००७ सालापासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः बांधिलेल्या अशा गाड्यांची बाहा नांवाची स्पर्धा सुरू झाली. तींत चालकाभोंवतींच्या पिंजऱ्यास २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची आणि शेंकडा ०.१८ तरी कार्बन असलेली पोलादी नळी, किंवा तितकीच ताकद देणारी दुसरी, हें बंधन आहे. तो पिंजरा जीव राखण्याचा आहे, आमचा सांगाडा बैठकीचा, म्हणून दोन मिलिमीटर पुरे झाले.

कामांतील सर्वांत वेळखाऊ भाग मोजणीचा, आणि तेथें आम्हांस आमची नोकरी आठवली. जुन्या मुंबई इलाख्यांत मोजणीची सांखळी तेहतीस फुटांची व सोळा आण्यांची असे. एक सांखळी लांब, एक सांखळी रुंद म्हणजे एक गुंठा. परंतु चारी बाजू तेहतीस फूट भरल्या म्हणून तुकडा चौरस ठरत नाहीं, कर्ण मोजावा लागतो. मिस्त्रींनींहि तेंच केलें. गाडी सपाट फरशीवर ठोकळ्यांवर चढविली, मधोमध दोरी ताणली, दोन्ही कर्ण ताडून पाहिले, आणि दीड मिलिमीटरांचा फरक निघाला तेव्हां बांधलेलें सोडून पुन्हां बांधिलें. बॅटरी व पेट्रोलची टाकी आधींच उतरविली होती. प्रत्येक नळीचें टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहतां बसेल असें घांसलें. प्रथम नुसते ठिपके, मग एक टांका डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे तापून सांगाडा एका अंगास ओढला जात नाहीं. बैठकीखालीं घराच्या छपरास असते तशी कैची दिली. मुख्य सांगाड्यास कोठेंहि वेल्डिंग केलें नाहीं. मूळच्याच भोंकांतून, डोक्यावर ८.८ असा आंकडा असलेले बोल्ट घातले.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गुजरातेंत अमरेली जिल्ह्यांतील मनसुखभाई जगाणी यांनीं १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलीचें मागचें चाक काढून तेथें दोन चाकें व औत जोडलें. त्यास बुलेट सांती म्हणतात. त्यांनीं यंत्राकडून ओढण्याचें काम घेतलें, पाठीवर वाहण्याचें नव्हे. गोणीचा बैल आणि गाडीचा बैल यांत जो फरक, तोच हा. आमच्या गाडीच्या पुस्तकांत मात्र ओढण्यासहि मनाई लिहिलेली आहे, म्हणून तोहि मार्ग खुंटला.

कायद्याचें एक कलम सांगणें आमच्या हाडांत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ३९ अन्वयें नोंदणीवांचून कोणतीहि गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेतां येत नाहीं, आणि नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर कलम ५२ चें बंधन आहे. आमची गाडी बांधाच्या आंतच फिरते. मळ्यांतून मळ्यांत जातांना मधें सरकारी रस्ता लागला तर ती ट्रॉलींत चढवून नेतों. शेजारी हंसतात.

आतां नव्या सांगाड्यावर पंचवीस लिटरची टाकी आहे. पाणी पंचवीस किलो, टाकी तीन, पंप चार, वाढीव नळ्या तीन, मिळून पस्तीस. टाकी आंसाच्या बरोबर वर, बैठकीस लागून बसविली आहे. बांधावरचें तण आणि रोग दिसलेले चार-दोन वेल एवढ्यापुरतीच ती चालते. मुख्य फवारणी पूर्वींप्रमाणें भाड्याच्या ट्रॅक्टरानें होते, आणि गडी वांचला नाहीं. दर सोमवारीं पुतण्या फडकें घेऊन जोडांच्या शेजारची जागा पुसतो, रंगावर केसाएवढी रेघ दिसते कीं काय तें पाहतो, आणि बोल्टांवर पाना लावितो. गेल्या सोमवारीं डावीकडचा मागचा बोल्ट पाव फेरा फिरला.