वानगी कोणाच्या हातची?

खामगावच्या बाजारात कापसाची गाडी आली, की व्यापारी आत हात घालून मूठभर कापूस काढतो, तंतू ओढून पाहतो आणि मगच भाव बोलतो. चित्रपटाची वानगी मात्र विकणाराच निवडून दाखवतो. तिलाच आपण ट्रेलर म्हणतो.

शाहरुख खानच्या 'पठाण' या हेरपटाचेच पहा ना. ट्रेलर आला १० जानेवारी २०२३ रोजी, चित्रपट २५ जानेवारीला. चित्रपट १४६ मिनिटांचा, ट्रेलर अवघा अडीच मिनिटांचा! एवढ्यात पाठलाग, स्फोट आणि दोन-चार खटकेबाज वाक्ये मावतात. कथा मावत नाही. हेरकथेत ती सांगायचीही नसते. फितूर कोण हे आधीच कळले, तर तिकीट कोण काढील? म्हणून दृश्यांचा क्रम मोडतात, एका प्रसंगातले वाक्य दुसऱ्याला जोडतात. मधल्या जागा आपणच भरतो आणि त्या घरच्या कथेवर अपेक्षा उभारतो. पुढे चित्रपट वेगळा निघाला, की म्हणतो, 'फसलो बुवा!'

तेव्हा मंडळी, मेहकर-लोणारहून भाडे खर्चून, दिवसाची मजुरी बुडवून जायचे असेल, तर ट्रेलरवरून चित्रपटाची जात तेवढी ओळखावी. कस मात्र पाहून आलेल्या शेजाऱ्याला विचारावा. त्याने मूठ आतून काढलेली असते.